रोजचं बायबल वाचन आणि प्रार्थना: शेतीवर जगणाऱ्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी उपासना सुटल्यावर आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. आमची मंडळी लहान. यवतमाळ जिल्ह्यातली, बहुतेक घरं वावर आणि मजुरी यांवर चालणारी. शहरात छापलेल्या पुस्तिकांत सकाळचा निवांत तास सांगितलेला असतो. कापूस वेचणीच्या पहिल्याच आठवड्यात तो कुठे जातो ते कळत नाही. म्हणून ही उत्तरं आपल्याकडच्या हंगामाकडे पाहून लिहिली आहेत. पाळकसाहेबांनी ती वाचली आहेत. दोन ठिकाणी त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, ते तिथेच लिहिलं आहे.

रोज किती वाचायचं?

एक अध्याय पुष्कळ झाला. अर्धाही चालतो. पण मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळे पुढे पळतात आणि डोकं सोसायटीच्या कर्जात असतं. मार्कचा पहिला अध्याय मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. तोच भाग सावकाश परत एकदा वाचा, त्यातलं एक वचन धरून ठेवा आणि त्याच वचनावरून प्रार्थनेला लागा. सगळं मिळून पंधरा मिनिटं होतात. ज्यांना याहून जास्त बसवतं त्यांनी बसावं, पण सुरुवातीलाच तासाचा नेम धरणारी माणसं महिन्याभरात दिसेनाशी होतात.

कुठून सुरू करू? उत्पत्तीपासून?

उत्पत्ती छान आहे, निर्गमही विसाव्या अध्यायापर्यंत धावतं. मग पंचविसाव्यापासून निवासमंडपाची मापं सुरू होतात, पुढे लेवीय येतं आणि बायबल परत फळीवर जातं. नवीन माणसानं मार्कपासून सुरू करावं. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, १६ अध्यायांचं. प्रसंग छोटे आणि आपल्या डोळ्यापुढे उभे राहणारे. दुसऱ्या अध्यायात चार जण छप्पर उकरून लकव्याच्या माणसाला खाली सोडतात. मातीच्या घरात वाढलेल्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे. तो आमच्या सभेत वाचला गेला तेव्हा पाळकसाहेब गप्प बसले आणि बायाच बोलत राहिल्या: वाटेवर पडलेलं बी पाखरं कशी टिपतात, मुरमाड जमिनीत कोंब लवकर येतो पण दोन उन्हं लागली की कसा करपतो, तण वेळेवर निंदलं नाही तर पीक कसं दबतं. दाखल्यात तण नाही, काटेरी झुडपं आहेत, एवढी एकच दुरुस्ती पाळकसाहेबांनी केली.

सोबत रोज एक स्तोत्र घ्या. स्तोत्रं १५० आहेत, पण सगळी सारखी नाहीत: ११७वं दोन वचनांत संपतं, ११९वं १७६ वचनांचं आहे. ते एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका.

पहाटेच उठायला पाहिजे का?

पहाट चांगली, हे खरंच. येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला असं मार्क १:३५ मध्ये आहे. पण दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करत होता, आणि स्तोत्रसंहितेत पाचवं स्तोत्र सकाळचं आहे तर चौथं रात्री निजतानाचं. वेळ कोणती याचा कायदा बायबलात नाही.

आपल्याकडे पहाटेचा आग्रह बहुतेक पुरुष धरतात, कारण पहाटे चूल त्यांना पेटवायची नसते. सडा, पाणी, डबे, ढोरं हे सगळं आटोपून सहाच्या आत वावरात पोचायचं असलेल्या बाईला 'पहाटे वाच' म्हणणं म्हणजे 'वाचू नको' म्हणण्यासारखंच. घड्याळापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन बांधा. चहा ठेवला की, दिवेलागण झाली की, ताटं घासून झाली की. ज्यांचं वाचन वर्षानुवर्षं टिकलं आहे ती बहुतेक घरं याच रीतीनं चालतात.

हंगामात कसं जमायचं?

हंगामाप्रमाणे वाचनानंही बदलावं. बारा महिने सारखंच माप ठेवायचं असं कुणी सांगितलेलं नाही.

मृगाच्या आसपास, पेरणीच्या घाईत, स्तोत्र ६५ची शेवटची पाच वचनं पुरे. तासांना पाणी पाजणारा, ढेकळं विरघळवणारा देव तिथे आहे. निंदणाच्या दिवसांत एक वचन पाठ करून पातीला लागायचं. आमच्याकडे एक आजी आहे, तिला अक्षर येत नाही, पण तेविसावं स्तोत्र तोंडपाठ आहे. कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना ती एका ओळीला एक वचन म्हणते. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे पहिल्या पऱ्हाटीपासून धुऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा, मग वळून पुढचं वचन. सोबतच्या बायांना, त्यात कितीतरी मंडळीत न येणाऱ्या, आता ते ऐकून ऐकून अर्धंअधिक येतं.

हरभरा-गव्हाच्या दिवसांत जागल असते. रोही आणि रानडुकरं रात्रीच येतात, आणि मोटारीची लाईनही पुष्कळदा रात्रीचीच. मचाणावर किंवा पंपाजवळ जागणाऱ्यांसाठी १२१वं स्तोत्र आहे: राखण करणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. १३०वंही घ्या, त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. ख्रिस्तजन्माची पहिली बातमी ज्यांना मिळाली ते मेंढपाळही जागलीवरच होते, लूक २:८. मात्र हातात बॅटरी आणि पायात बूट हवेत. डोळे मिटून प्रार्थना करायची ही जागा नाही.

उन्हाळा हा आपला वाचनाचा खरा हंगाम. मार्च ते मे वावरात काम कमी, दुपारी बाहेर पडवत नाही. लग्नंकार्यं सोडली तर हातात वेळ असतो. मोठी पुस्तकं तेव्हा घ्या: उत्पत्ती, दोन्ही शमुवेल, प्रेषितांची कृत्ये. रूथ तर एका दुपारी संपतं, अवघे चार अध्याय, आणि त्यातला सरवा वेचणाऱ्या सुनेचा प्रसंग सासवा-सुनांनी मिळून वाचावा असा आहे.

मधेच आठ-पंधरा दिवस सुटले तर? मागचं भरून काढायचं का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि माझ्या पाहण्यात वाचन कायमचं बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच. माणूस सुटलेले दिवस थकबाकीसारखे मोजतो. चार दिवसांचे चार अध्याय, मग आठाचे आठ. व्याजासकट वाढत जातं आणि शेवटी बायबलाकडे पाहिलं की वसुलीवाला दारात आल्यासारखं वाटतं. मग माणूस मंडळीतही मागच्या बाकावर बसू लागतो.

सुटलं ते सुटलं. आज तारीख काय आहे ते पाहा, आजचं वाचा. खूण जिथे होती तिथून पुढे चला, किंवा ते पुस्तक सोडून दुसरं घ्या. 'प्रभू, बरेच दिवस आलो नाही' एवढं म्हणून कामाला लागा. उधळ्या मुलानं घरी जाण्याआधी लांबलचक माफीनामा तयार केला होता. लूक १५ नीट वाचलं तर दिसेल की बापानं तो पुरा होऊच दिला नाही.

वहीत फुल्या मारायची सवय असेल तर केलेल्या दिवसांवर खूण करा. चुकलेल्यांवर लाल शाई नको.

मला वाचता येत नाही. / डोळ्याला बारीक दिसत नाही.

वाचायला न येणं ही अडचण नाही. बायबल लिहिलं गेलं त्या काळात बहुतेक लोक ते ऐकतच होते. पौलाची पत्रंही मंडळीत मोठ्याने वाचली जायची. घरातल्या शाळकरी नातवाला रोज दहा वचनं वाचायला लावा. त्याचं मराठी सुधारतं, तुमचं वचन होतं. नातू नसेल तर मोबाईलवर मराठी बायबल ऐकायला मिळतं. दिसत नसेल तर आधी तालुक्याला जाऊन डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनं सुटतो, आणि मोठ्या अक्षरातली प्रतही मिळते.

वाचायला बसलं की झोप येते.

दिवसभर ऊन झेललेल्या अंगाला येणारच. त्रोवसात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा पोरगा खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडला होता, आणि बोलणारा तर प्रत्यक्ष पौल होता (प्रेषितांची कृत्ये २०). उभं राहून वाचा, किंवा जेवणाआधी वाचा.

कोणतं बायबल घ्यावं? आमच्या नातेवाइकांचं वेगळं आहे.

विदर्भातल्या मंडळ्या वेगवेगळ्या मिशनांतून उभ्या राहिल्या. नागपुरात स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. अकोल्याकडे अलायन्स, बुलडाणा-वाशिमकडे नाझरीन, आपल्या यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट. यवतमाळातच १९५३ ते १९८३ पाळकांना शिकवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. लग्नसंबंधांमुळे एकेका घरात दोन-तीन रीती नांदतात. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथोलिक बायबलात ७३. रोजच्या वाचनाला या फरकानं काही अडत नाही. मार्क दोन्हीकडे तोच आहे.

उपासनेत जी प्रत वाचली जाते तीच घरी ठेवली तर पाठांतर सोपं जातं. जुनी मराठी जड वाटत असेल तर सोप्या मराठीतली प्रत शेजारी ठेवा आणि अडलं तिथेच तिच्यात पाहा. सोप्या भाषेतलं बायबल कमी दर्जाचं असं मानणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचं काम आठवावं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी बायबल तयार केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघालं.

मोबाईलवर वाचलं तर चालतं का?

चालतं. यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, मराठी बायबल त्यात आहे. तालुक्याला रेंज असताना एकदा उतरवून घ्या, म्हणजे गावात नेटवर्क नसलं तरी अडत नाही. वाचताना विमानमोड लावा, नाहीतर वचनाच्या मधे भाच्याच्या वरातीचा व्हिडिओ येतो. ॲप सलग किती दिवस वाचलं ते मोजून दाखवतं, त्याकडे फार बघू नका. वर थकबाकीबद्दल लिहिलं तेच इथेही.

पाळकसाहेबांचं इथे वेगळं मत आहे. त्यांना घरीही छापील पुस्तकच हवं वाटतं, कारण बाप मोबाईल पाहत बसला की तो वचन वाचतो आहे की क्रिकेट पाहतो आहे हे लेकरांना कळत नाही. मुद्दा बिनतोड आहे, पण जागलीवरच्या माणसाला मी मोबाईलच सांगेन.

प्रार्थनेत काय बोलायचं? मला सभेतल्यासारखं शुद्ध बोलता येत नाही.

वऱ्हाडीत बोला. घरी 'माय, जेवाले दे' म्हणणारा माणूस देवासमोर उभा राहिला की 'हे दयाघन परात्पर पित्या' सुरू करतो आणि तिसऱ्या वाक्याला अडकतो. मग त्याला वाटतं आपल्याला प्रार्थना येत नाही. 'देवा, सोयाबीनले भाव नाही, पोरीची फी भरायची हाय, मले काही सुचत नाही' ही पूर्ण प्रार्थना आहे. बायबलातल्या कितीतरी प्रार्थना याहून लहान आहेत. जकातदाराची एका ओळीची (लूक १८:१३). आजारी मुलाच्या बापाची तर त्याहून अवघड: विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालव (मार्क ९:२४).

काहीच सुचलं नाही तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, एकेका ओळीला थांबून. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथे रोजंदारीवरचा माणूस आपोआप थांबतो. आणि घरच्यांची नावं घेऊन झाल्यावर शेजारचं एक घर घ्या, रोज वेगळं. गावात भांडण कमी होतं असं म्हणणार नाही, पण ज्याच्यासाठी काल प्रार्थना केली त्याच्याशी आज धुऱ्यावरून भांडायला जरा जड जातं.

टोंगळे दुखतात, खाली बसवत नाही.

खाटेवर बसा. बायबलात लोकांनी उभ्यानं, पालथं पडून, अंथरुणावर, माशाच्या पोटात प्रार्थना केली आहे.

पीक गेलं. अशा दिवशी बायबल उघडावंसं वाटत नाही.

समजतं. बोंडअळीनं कापूस खाल्ला, काढणीच्या तोंडावर पावसानं सोयाबीनच्या गंजीला कोंब फुटले, अशा संध्याकाळी कुणी 'सर्व काही मिळून भल्यासाठी होतं' हे वचन ऐकवायला आलं तर राग येतो, आणि तो राग चुकीचा नाही. त्या दिवशी आनंदाची स्तोत्रं वाचायची सक्ती नाही. तेरावं वाचा, पहिल्या दोन वचनांत 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवं वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड दाखवत नाही. देवाशी असं बोलता येतं, हे त्या पुस्तकातच लिहून ठेवलं आहे.

योएलचा पहिला अध्याय शेतकऱ्यानंच समजून घ्यावा असा आहे. टोळांनी सगळं खाल्लं आहे, धान्य करपलं आहे, गुरं चाऱ्यासाठी हंबरत आहेत, आणि संदेष्टा शेतकऱ्यांना हसायला नाही, आक्रोश करायला सांगतो. हबक्कूकच्या शेवटी अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, अशी यादी आहे आणि तरीही तो परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. पण त्या 'तरीही'पर्यंत यायला त्याला तीन अध्याय लागले, आणि पहिल्या अध्यायात तो देवाशी वाद घालतो. दुसऱ्याच्या वावरात उभं राहून त्याला हे शेवटचं वचन आधी ऐकवू नका. विमा आणि पंचनाम्याचे कागदही त्याच आठवड्यात करायचे असतात. त्याला तहसीलला सोबत न्या.

एलीया थकून झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला, तेव्हा दूतानं आधी त्याला झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं. वचन नंतर आलं (१ राजे १९). जगणं नकोसं वाटत असेल किंवा घरातल्या कुणाचं तसं बोलणं कानावर आलं तर एकटं राहू नका, त्यालाही एकटं सोडू नका. पाळकांना, भावकीला रात्रीबेरात्री उठवा. सरकारची टेलिमानस ही फुकट फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे. असा फोन केल्यानं विश्वास कमी ठरत नाही.

सासरी मी एकटीच विश्वासणारी आहे. उघड वाचता येत नाही.

मत्तय ६मध्ये खोलीत जा, दार लाव असं आहे. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं असताना ते दार कुठून आणायचं? नहेम्याचं उदाहरण घ्या. राजानं प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी, तिथेच राजासमोर उभ्याउभ्या, त्यानं प्रार्थना केली (नहेम्या २:४). ना डोळे मिटले, ना कुणाला कळलं. विहिरीवर, चुलीपाशी असं करता येतं. वचनं पाठ करा, ती कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. घरात मुद्दाम भांडण काढू नका. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अशाच बायांशी बोलतो आणि शब्दांपेक्षा वागणुकीवर भर देतो. पण त्याचा अर्थ मारहाण सोसत राहा असा नाही. तसं असेल तर मंडळीतल्या जाणत्या बाईला सांगा.

लेकरांना कसं लावायचं?

गोष्टीनं. योना चार अध्यायांचा, चार रात्रींत होतो. दावीद आणि गल्याथ एका रात्रीत संपत नाही, पोरं परत सांगायला लावतात. वाचताना चुकलं तर दर शब्दाला टोकू नका. आणि खोड्या केल्या म्हणून शिक्षेला अध्याय लिहून काढायला लावू नका, हे कळकळीनं सांगते.

डिसेंबरात एक रीत चांगली जमते. लूकचे २४ अध्याय, १ तारखेपासून रोज एक, नाताळच्या आदल्या रात्री संपतं. अडचण एकच, पहिला अध्याय ८० वचनांचा आहे आणि घरात वेचणीचे थकलेले लोक असतात. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन-तीन रात्रींत वाटून घ्या.

वर्षात पूर्ण बायबल वाचायचं आहे.

अध्याय १,१८९ आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर ५२ आठवड्यांत होतं. फक्त नवा करार घेतला तर २६० अध्याय, आठवड्याला पाच, दोन दिवस मोकळे. १८४२ साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट मरे मचेन या पाळकानं केलेला तक्ता अजून पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, त्यात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. आपल्यासाठी तो भारी आहे.

१ जानेवारीला सुरू करू नका. तेव्हा वेचणी चालू असते, हरभऱ्याला पाणी असतं. होळी झाल्यावर सुरू करा. उन्हाळ्यात पाया पक्का होतो आणि पेरणीपर्यंत पाव हिश्शाजवळ पोचलेला माणूस सहसा सोडत नाही. लेवीयातले विधी कळले नाहीत तर पाटीवर लिहून ठेवा आणि पुढे चला. कूशी अधिकारी रथात यशया वाचत होता आणि त्यालाही समजावायला फिलिप्प लागला होता.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, हे बरोबर आहे का?

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. वर्षभर ती चिठ्ठी बायबलात राहते, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पाळकसाहेबांना ती प्रथाच पटत नाही, कारण चिठ्ठ्यांमध्ये नेहमी गोड वचनंच असतात. पण कोणतं बियाणं घ्यायचं, पोरगी कुठे द्यायची हे बोट ठेवून ठरवू नये, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. वचन आधीच्या-नंतरच्या वचनांसकट वाचा, चार शहाण्या माणसांना विचारा.

आजारात नुसती प्रार्थना करावी की दवाखान्यात जावं?

दोन्ही, आणि साप चावला असेल तर प्रार्थना गाडीत. बांधाबांध, चिरणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात न्या, विषावरचं इंजेक्शन तिथे असतं. लूक स्वतः वैद्य होता. बीपी-शुगरच्या गोळ्या विश्वासानं बंद करायला सांगणाऱ्या पाहुण्या प्रचारकाचं ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या सभा घेत असो.

घरचं जुनं बायबल फाटलं आहे, वाळवी लागली आहे. काय करावं?

पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्नाच्या तारखा लिहिलेल्या असतात. आधी त्या पानांचा फोटो काढा, दाखले काढताना कामी येतात. शिवण सुटली असेल तर तालुक्याला शाळेची रजिस्टरं बांधणारा माणूस शोधा, तो बांधून देतो. वाळवी असेल तर दोन दिवस कडक उन्हात पानं उघडी ठेवा. मग मातीच्या भिंतीला टेकलेल्या फळीवर परत ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, पण रोज हाताशी येईल असं ठेवा.